मन्मथप्पांच्या हौदातलं पाणी

मन्मथप्पांनी हौदाचं झाकण उघडलं, बांबूची काठी आत तळापर्यंत बुडवली आणि वर काढून माझ्यापुढे धरली. काठीवर चाकूने चिरा मारलेल्या होत्या. सकाळी आडतीच्या दुकानात जाताना पाणी वरच्या चिरेला होतं, असं त्यांचं म्हणणं. आता काठी त्या चिरेच्या वीतभर खालपर्यंतच ओली होती.

"आता सांगा मिस्त्री, हे पाणी नेलं कुणी?"

मला बोलावलं होतं गळका नळ दुरुस्त करायला. निरोपात तेवढंच होतं. आल्यावर कळलं की नळ निमित्ताला आहे. आप्पांना माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं: पाणी भाडेकरू चोरतात. गल्लीतल्या चार माणसांसमोर ते वाक्य मी बोललो की त्यांना खोल्या रिकाम्या करून घेता येणार होत्या. नळ फिटिंगच्या कामात साक्षीदार म्हणून मला कुणी बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

मी मूळचा उमरीचा. नांदेडला एका सॅनिटरीच्या दुकानात काम शिकलो आणि लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा पोटापाण्यासाठी लातूरला आलो. काम भरपूर होतं. नवी ऑफिसं, त्यात नवे कारकून, शिपाई, टायपिस्ट, आणि त्यांना राहायला जागा नाही. ज्याच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती त्याने दोन खोल्या बांधून भाड्याने दिल्या. खोल्या घाईने बांधल्या आणि नळ त्याहून घाईने जोडले. पावसाने मात्र त्याच वर्षांत पाठ फिरवली. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही कधी येईल याचा नेम नाही. आलं तर करंगळीएवढी धार. लोक नळाभोवती खड्डे खणायचे, नळ जमिनीखाली घ्यायचे. नळ जितका खाली, तितकं पाणी जास्त. कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा तर आधी खड्डा बघावा लागायचा.

आप्पांची गल्ली उताराची. त्यांचं घर उताराच्या शेवटून दुसरं. पुढे ते आणि त्यांची बायको. बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी उदगीरला गेलेली. मागच्या दोन खोल्यांत जाधवबाई राहायच्या. कलेक्टर ऑफिसात टायपिस्ट. नवरा हिमायतनगरकडे ग्रामसेवक, महिन्यातून एकदा येणारा. सोबत सासू. म्हणजे दुपारी आप्पा आडतीवर, बाई ऑफिसात, आणि घरात एकटी सासू. पाणी कमी व्हायचं ते दुपारीच. आप्पांनी हिशेब तिथेच मिटवला होता.

"शेजारच्या टेलरनं डोळ्यानं बघितलंय म्हातारीला. घागर घेऊन जाताना," ते म्हणाले.

मी म्हटलं, आधी नळ बघू.

भाडेकरूंच्या मोरीतला नळ ठिबकत होता. नळ बंद करूनही ठिबकला तर नव्वद टक्के वेळा आतला वायसर गेलेला असतो. रबराची किंवा चामड्याची लहानशी चकती. नळ पिळला की ती दांड्यासोबत खाली जाते आणि पाण्याच्या भोकावर बसते. पाणी क्षाराचं असेल तर चकती कडक होते, मग लोक नळ आणखी जोर लावून पिळतात आणि ती फाटते. मी पाइपवरचा कॉक फिरवून पाणी बंद केलं, नळ खोलला, चकती बदलली. जुनी आप्पांना दाखवली. त्यांनी ती बोटात धरून उजेडात बघितली, जणू मी खिशातून आणली असावी.

ठिबकणाऱ्या नळाखाली बादली ठेवलेलीच होती. दिवसभरात ती अर्धीही भरत नव्हती. हौदातली वीतभर पातळी म्हणजे कित्येक घागरी. चोर हा नळ नव्हता.

मग मोरी तुंबल्याची तक्रार निघाली. आप्पा म्हणाले, बघा, इतकं पाणी सांडतात की गटारसुद्धा घेत नाही. मी जाळी काढली. खाली ट्रॅप असतो, म्हणजे वळणाचा भाग, त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही. तिथं हात घातला तर हाताला दगड लागल्यासारखं झालं. राख होती. भांडी घासायची राख, त्यात केस, तेलकट मळी, आणि सगळं सुकून सिमेंटसारखं बसलेलं. कोयत्याच्या टोकाने मी ते फोडून काढलं.

भरपूर पाणी ओतणाऱ्या घरात राख अशी बसत नाही, वाहून जाते. ही मोरी तुंबली होती ती पाणी कमी पडून. धुणं-भांड्याचं पाणीसुद्धा बाई बादलीत धरून ठेवत असणार आणि पुन्हा वापरत असणार. मी आप्पांना तसं सांगितलं.

त्यांनी ती राख वाकून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे घरात वापरत न्हाईत. भाईर नेऊन देतेत."

संशयाचं असं असतं. त्याला एका बाजूने बुजवा, तो दुसरीकडून निघतो.

सासूबाई हे सगळं दारात बसून ऐकत होत्या. हदगावच्या. वयाने वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. मी राख टोपल्यात भरत असताना त्यांनी माझं गाव विचारलं. उमरी म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हंजे आपल्याच जिल्ह्याचे की. मंग खरं सांगून राहिले तं घाबरता कामून?"

मी घाबरत नव्हतो. पण हे वाक्य आप्पांनीही ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला स्पष्ट दिसलं. मिस्त्री नांदेडकडचा, म्हातारी नांदेडकडची. त्यांच्या लेखी साक्षीदार फुटला होता.

म्हणून मी टेस्टिंग करायचं ठरवलं. हौदातून भाडेकरूंच्या मोरीकडे जाणारी लाईन सोडवली आणि तिच्या तोंडाला प्लग मारला. प्लग म्हणजे लोखंडी बूच, पाना घातल्याशिवाय निघत नाही. आता त्या नळातून थेंब येणं शक्य नव्हतं. हौदाच्या झाकणाला आप्पांचं स्वतःचं कुलूप होतंच. दुकानात जाण्याआधी त्यांनीच भाडेकरूंना बादल्या भरून द्यायच्या, असं ठरलं.  ऑफिसची पिशवी खांद्याला लावून जाधवबाई बादल्या आत नेत होत्या आणि आप्पा कडेला उभे राहून बघत होते. मला ते बघवेना. मी पाने-पकडी आवरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी पुन्हा खाली गेली. पुन्हा वीतभर.

आप्पा म्हणाले, दुसरी किल्ली करून घेतली असेल. मी कुलूप बघितलं. अलिगढी कुलूप, त्याची किल्ली लातुरात कुठेही बनवून मिळाली असती. म्हणजे हेही खोटं म्हणता येत नव्हतं.

जाधवबाईंनी मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. ऑफिसातून परत येत होत्या. हळू आवाजात बोलल्या. आप्पांच्या एका पाहुण्याला खोल्या हव्या आहेत असं त्यांच्या कानावर आलं होतं. पाणी आप्पाच सोडून देतात आणि नाव आपल्यावर घालतात, असा त्यांचा समज झाला होता. मग मुद्द्यावर आल्या. लातुरात खोली मिळणं तेव्हा नोकरी मिळण्याइतकंच अवघड होतं, आणि पाणीचोर म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला तर कुणी ओसरीतही उभं केलं नसतं.

"मिस्त्री, तुम्ही त्यांचे माणूस आहात हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण उद्या चार माणसांत बोलाल तेव्हा जे दिसलं तेवढंच बोला."

मी कुणाचाच माणूस नव्हतो. पण घरी जाताना माझ्या मनातही किडा वळवळायला लागला. किल्ली आप्पांकडे, झाकण आप्पांचं, काठीही आप्पांचीच. आणि हौदामागे एक बेलाचं झाड होतं. आप्पा शिवभक्त माणूस, रोज सकाळी बेल तोडून पूजेला बसणारे. सगळ्या गल्लीत झाडं करपलेली, हे एकच हिरवंगार. मी ते पहिल्या दिवशीच पाहिलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ लावला नव्हता.

पुढच्या सकाळी मी जाऊन सरळ झाडाच्या बुंध्याशी उकरायला लागलो. आप्पा धावत आले. मी म्हटलं, हौदाला तडा असेल तर मुळं तिकडे जातात, ओल सापडेल. हे खरंही होतं. पण खरं म्हणजे मला रोज ओतलेल्या पाण्याचा चिखल सापडायला हवा होता. माती वर थोडी दमट लागली. कोपरभर खाली गेलो तर भाजलेल्या विटेसारखी कोरडी. आप्पांनी स्वतःहून सांगितलं की ते आपल्या आंघोळीचं पाणी झाडाला घालतात, आणि आंघोळही एका तांब्यात उरकतात. झाडाची मुळं कुठे खोल गेली असतील ते झाडालाच ठाऊक. हौद त्या बाजूने ठणठणीत होता.

आता मला दोघांचाही संशय येईना, आणि पाणी तर जातच होतं. ते मला जास्त खटकलं.

मग नीळ आठवली. कपड्यांना घालायची नीळ. सिमेंटच्या टाकीला बारीक तडा असला आणि तो डोळ्यांना दिसत नसला की आम्ही टाकीत रंग कालवतो. रंग जिथे फुटेल तिथून पाणी जातं. आप्पांनी आधी नाही म्हटलं. पिण्याचं पाणी खराब होईल म्हणाले. म्हणून पिण्यापुरतं सगळ्यांनी आधी भरून घेतलं. हौद तसाही तळाला आला होता, उरलेलं धुण्याला चाललं असतं. मी बादलीत नीळ कालवून हौदात ओतली आणि बांबूने ढवळली. पाणी फिकट आभाळासारखं झालं.

त्या दिवशी आप्पा दुकानात गेले नाहीत. जाधवबाईंनी अर्धी रजा टाकली. दोघंही मला सांगत होते की टेस्टिंग बघायला थांबलोय. खरं तर दोघं एकमेकांवर नजर ठेवायला थांबले होते. सासूबाई दारात, बाई खोलीच्या उंबऱ्यात, आप्पा ओट्यावर आणि मी हौदाच्या कडेला. ऊन रणरणत होतं. झाकण उघडंच ठेवलं होतं, काठी हौदात भिंतीला टेकवून उभी.

जेवणवेळ टळून गेली आणि पाणी खाली जायला लागलं.

आमच्या डोळ्यांदेखत. कुणी जागचं हललं नव्हतं, कुठला नळ उघडा नव्हता. काठीवरची ओली रेघ वर राहिली आणि पाणी हळूहळू खाली सरकत गेलं. आप्पा ओट्यावरून उठून आले आणि वाकून बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. बहुतेक देवाचं नाव घेत होते.

मी खाली उतरून तळाशी हात फिरवला. एका कोपऱ्यात हाताला ओढ लागली. तिथे इनलेट होतं. इनलेट म्हणजे नगरपालिकेच्या लाईनमधून हौदात पाणी आणणारा पाइप. तो खरं तर हौदाच्या काठावरून आत सोडायचा असतो. पण प्रेशर कमी, पाणी काठापर्यंत चढत नाही, म्हणून कुणा घाईतल्या फिटरने हौदाची भिंत खाली फोडून पाइप तळाशी आत घेतला होता. तसं त्या वर्षांत बरेच जण करायचे.

मी गेटजवळ गेलो. तिथे त्या पाइपचा कॉक होता. पाइपला कान लावला. आत पाणी वाहत होतं. आप्पा म्हणाले, सप्लाय आला असेल. मी म्हटलं, सप्लाय आला असता तर हौद भरला असता, हा रिकामा होतोय. मी कॉक बंद केला. पातळी थांबली. पुन्हा उघडला. पुन्हा खाली.

कॉक उघडा का ठेवता, असं विचारलं. त्यावर आप्पा माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसे बघायला लागले. पाणी कधी येईल सांगता येत नाही. बंद ठेवला आणि नेमकं तेव्हा आलं तर? म्हणून तो कॉक रात्रंदिवस उघडा. पाणी आत यायची वाट मोकळी ठेवलेली, आणि तीच वाट बाहेर जायलाही मोकळी. नगरपालिकेचा व्हॉल्वमन गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व बंद करून गेला की गल्लीतला पाइप रिकामा पडतो. मग त्या पाइपवर हौदापेक्षा खाली एखादा नळ उघडला, तर हौदातलं पाणी उलटं निघून तिकडे जाणार. वरच्या घरांचे नळ उंचावर होते, त्यांना ते मिळणं शक्य नव्हतं. खाली एकच घर उरत होतं, गल्लीतलं शेवटचं.

हे मी आप्पांना समजावत होतो तोवर फाटक वाजलं. शेजारचे टेलर आत आले. ते घरीच शिलाईचं काम करायचे, दिवसभर घरात असायचे. हातात स्टीलचा तांब्या होता आणि ते चिडलेले होते.

"मिस्त्री, लाईनीत काय टाकलंत तुम्ही? माझ्या नळाला निळं पाणी येऊन राहिलंय."

त्यांनी तांब्या तिरका करून आतलं पाणी दाखवलं. फिकट निळं. मग त्यांची नजर उघड्या हौदावर गेली, हौदातल्या पाण्यावर गेली, आणि तांब्या धरलेला हात हळूच खाली आला.

मी विचारलं, आज सप्लायचा दिवस आहे का. ते म्हणाले, नाही. मग नळ का उघडला? तर म्हणाले, उघडून बघितला की येतं कधीकधी. त्यांच्या अंगणात पुरुषभर खोल खड्डा होता, गल्लीतला सगळ्यात खोल, आणि त्याच्या तळाशी नळ. कधीपासून येतं, असं विचारल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला. मुद्दाम कुणाचं पाणी घेत होतो असं ते म्हणाले नाहीत आणि मलाही तसं वाटलं नाही. सगळी गल्ली कोरडी असताना आपल्याच नळाला दुपारी पाणी येतं, हे त्यांना कळत होतं. ते कुठून येतं याचा शोध मात्र त्यांनी घेतला नव्हता.

"नळाला येत होतं, भरत होतो. देव देतो म्हनलं," ते म्हणाले.

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. कमरेतून वाकून चालत टेलरसमोर आल्या. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल. पण त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"तुमी मला घागर नेताना बघितलं म्हनं. पितळंची व्हती का मातीची?"

टेलरने खाली बघितलं. सासूबाईंनी आप्पांकडे मान वळवली, आणि आप्पांनीही खालीच बघितलं. मग त्या परत जाऊन आपल्या जागी बसल्या. जाधवबाई आत निघून गेल्या होत्या. आतून भांडी आदळल्याचा आवाज येत होता.

पुढचं काम सोपं होतं. इनलेटवर मी नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवला. पितळी तुकडा असतो, आत एक झडप. पाणी पुढे जाताना झडप उघडते, उलटं यायला लागलं की आपल्याच भाराने मिटते. व्हॉल्वच्या अंगावर बाण कोरलेला असतो, पाणी ज्या दिशेने जायचं त्या दिशेला तो ठेवायचा. मोरीच्या लाईनचा प्लग काढून नळ पुन्हा जोडला. दोन दिवस दुपारभर काठी लावून बघितली. पातळी हलली नाही.

चार माणसांसमोर बोलायचा प्रसंग आलाच नाही. ज्या चार माणसांना आप्पांनी आधी सांगून ठेवलं होतं, त्यांना खरं काय ते सांगायला आप्पा गेले नाहीत. ते काम सासूबाईंनी केलं. काठी टेकत त्या घरोघर गेल्या, प्रत्येक ओसरीवर बसल्या आणि निळ्या पाण्याची हकिकत सांगून आल्या. शेवटच्या घरीसुद्धा गेल्या म्हणे. टेलरच्या बायकोने त्यांना चहा दिला.

आप्पांनी माफी मागितली नाही. खोल्या हव्या तितके दिवस ठेवा, एवढं म्हणाले. जाधवबाईंनी बरं म्हटलं आणि सरकारी क्वार्टरसाठी अर्ज टाकला. क्वार्टर तयार झालं त्याच आठवड्यात त्यांनी सामान हलवलं. आप्पांना त्याचं फार नवल वाटलं. आता तर पाण्याची काही अडचण नव्हती, असं ते मला म्हणाले.

पण त्याआधी आणखी एक झालं. पंधरवडा गेला असेल, आप्पांचा निरोप आला की हौदात पाणी येतच नाही. सगळ्या गल्लीला आलं, यांच्याकडे थेंब नाही. मी गेलो. व्हॉल्व उलटा बसवलेला होता. बाण हौदाकडे असायला हवा, तो रस्त्याकडे होता. मी आप्पांना विचारलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी कबूल केलं. मी नांदेडकडचा आणि म्हातारीही तिकडचीच, तेव्हा मी व्हॉल्व नीट बसवला की नाही याची खात्री करायला त्यांनी दुसरा मिस्त्री आणला होता. त्याने तो उघडून बघितला आणि परत लावताना फिरवून लावला.

मी तो सरळ केला. सप्लाय चालूच होता. हौदात पाणी पडायला लागलं तेव्हा आप्पा काठी घेऊन कडेला उभे होते.

त्यानंतर मी या धंद्यात बरीच वर्षं काढली. पाणी गायब होतं म्हणून कुणी बोलावलं की मी आधी इनलेट बघतो, मग टाकी, मग नळ. माणसं सगळ्यात शेवटी. आणि काम झाल्यावर घरमालकाचं बोट धरून ते व्हॉल्ववरच्या बाणावरून फिरवतो, म्हणजे तपासायला दुसरा मिस्त्री आणलाच, तर निदान तो तरी व्हॉल्व सरळ लावेल.